शिलाईत सापडलेलं

१

दुकान बंद केल्यापासून माझी दुपार मधल्या खोलीत जाते. दुर्गदबैलाच्या बाजारातलं दुकान मुलानं, सुमंतनं, समजूत घालघालून बंद करायला लावलं, पण मशीन मी विकू दिलं नाही. ते आता विद्यानगरच्या या घरात मधल्या खोलीच्या खिडकीपाशी आहे. जेवण झालं की मी त्यावर बसतो. शेजारच्या बायका साडीला फॉल लावायला देतात, हॉस्टेलची पोरं पँटी आखूड करायला टाकून जातात. घाई त्यांनाही नसते, मलाही नसते.

त्याच खोलीत माझी बायको तानू भिंतीला टेकून शेंगा फोडत बसते. आणि त्याच खोलीत जेवणाच्या टेबलावर सून सावनी कॉम्प्युटर मांडते, कारण नेट म्हणतात ते या घरात तिथंच नीट लागतं. माझ्या मशीनचा खडखडाट, तानूच्या बांगड्या, सावनीची बोटं. दुपार अशी जायची. बोलणं फारसं नसायचं, पण खोली कधी मुकी नसायची.

सावनीची कंपनी कारखान्यांत बोलणारे भोंगे बसवते. पाळी बदलली, चहाची सुट्टी झाली, अमक्या यंत्रापाशी माणूस पाठवा, असं तो भोंगा कन्नडमध्ये बोलतो. बोलणारी बाई खरी नाही, ती कॉम्प्युटरनं बनवलेली. सावनी फक्त तिनं काय बोलायचं, कधी बोलायचं ते लिहिते. पहिला भोंगा गावाबाहेर, तारिहाळच्या कारखान्यांकडं लागला, नेमका सुमंतच्याच कारखान्यात. सुमंत म्हणायचा, "घरी हिचं ऐका, कामावर गेलं की तिथंही हिचंच ऐका. पगार मात्र एकच."

एका दुपारी सावनी टेबलावर थाप मारून म्हणाली, "अप्पा, जमलं बघा! भोंग्यातलं दोनच ओळींचं काम, पण काय सुटसुटीत झालंय."

"नाव काय कामाचं?" मी विचारलं. शिंप्याची सवय. कापड हातात आलं की कुणाचं ते आधी विचारायचं.

"याला नाव नसतं अप्पा. बिननावाचंच असतं हे. मोठ्या कामाला नाव द्यावं लागतं आणि आत काय काय न्यायचं ते एकेक करून सांगावं लागतं. याचं तसं नाही. हे जिथं लिहिलं, तिथल्या आजूबाजूचं जे लागेल ते आपलं आपण उचलतं आणि बरोबर घेऊन जातं."

"न विचारता?"

"न विचारता. तीच तर सोय आहे."

तानू शेंगा फोडता फोडता म्हणाली, "म्हणजे आमच्या धाकट्या जाऊबाईंसारखंच की."

सावनी खो खो हसली. मी म्हटलं, "बाई, बाही जोडताना खालचा पदर सुईखाली आला, तर तोही शिलाईत सापडतो. शिवणाऱ्याला कळत नाही. अंगात घालायला गेलं की कळतं."

"अगदी तस्संच! फक्त तुमच्यात तो दोष, आमच्यात तो गुण." मग म्हणाली, "तपासून बघायला काहीतरी नावं घालावी लागतात. लोक काय वाटेल ती घालतात. मी आपली घरातलीच घातलीत."

"माझंही?" तानूनं विचारलं.

"तर! मशीनचंसुद्धा."

तानूला बरं वाटलं. तिचं नाव रेशनकार्डापलीकडं कुठं लिहिलं गेलं नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमंत पाळीवरून आला आणि हातपाय धुता धुताच म्हणाला, "अप्पा, आज आमच्या भोंग्यात तुमचं मशीन वाजत होतं."

"काहीतरीच," सावनी म्हणाली.

"काहीतरीच काय? ती बाई बोलते ना, तिच्या मागं. लांब, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं. पट्ट्याचा सांधा चाकावर आला की टक् होतं बघ, ते टक्सुद्धा."

"सुमंत, त्यात आवाज भरलेलाच नाही. मी नुसती अक्षरं लिहिलीत. अक्षरांना कान असतात होय?"

"मी त्या मशीनखाली झोपून वाढलोय. मला तू सांगणार?"

दोघं हसत वाद घालत राहिली. मीही हसलो. कारखान्यात माणसाला काहीही ऐकू येतं.

पुढच्या दुपारी मी मशीनवर बसलो. पाय हलवला. चाक फिरलं, सुई वरखाली झाली, शिलाई सरळ पडत गेली. आवाज आला नाही.

आधी मला ते कळलंच नाही. काहीतरी चुकतंय एवढंच वाटत होतं, जेवणात मीठ नसल्यासारखं. मग पाय थांबवला आणि पुन्हा हलवला. नाही. मनात म्हटलं, गणपत, कान गेले तुझे. वय झालं, जाणारच. पण तानूच्या हातातली शेंग फुटली ती मला ऐकू आली. रस्त्यावरची पालेभाजीवाली ओरडली, "सोप्पू, सोप्पू," तीही ऐकू आली. मी कात्री उचलून खिडकीच्या कट्ट्यावर आपटली. ठक्क. मग तीच कात्री मशीनच्या लोखंडावर आपटली.

काही नाही. कापसावर मारल्यासारखं.

तानूला म्हटलं, "मशीनचा आवाज येत नाही गं."

"तेल जास्त घातलं असाल."

तेल मी घातलं नव्हतं. पण बरं वाटलं. कारण सापडलं की माणसाला बरं वाटतं, मग ते खरं असो नसो. सावनी घरातून काम करताना फोनवर बोलते, तिला उलट शांतता झाली म्हणून आनंदच झाला. मी दोन फॉल लावले आणि उठलो. मुक्या मशीनवर बसवत नव्हतं. वाटत होतं, मी नुसतं पाय हलवण्याचं सोंग करतोय आणि खरं मशीन दुसरंच कुणीतरी चालवतंय.

३

मग बांगड्या गेल्या.

तानूच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या भरपूर. ती घरात कुठं आहे ते मला त्यांच्यावरून कळायचं. एका सकाळी मी अंथरुणात पडून त्यांची वाट बघत होतो आणि डोळे उघडले, तर ती शेजारीच उभी राहून चादरीची घडी घालत होती. हात हलत होते, बांगड्या एकमेकींवर पडत होत्या.

"कधी आलीस?"

"मघाचीच आहे की. झोप उतरली नाही वाटतं तुमची."

नंतर तिची पावलं गेली. मी वळायचो, तर ती मागं उभी. नवऱ्यानं बायकोला दचकावं हे बरं दिसत नाही, म्हणून मी दचकलो तरी खोकल्याचं निमित्त करायचो. मग शेंगा. तिच्या बोटांखाली टरफल फुटलेलं दिसायचं, दाणे ताटात पडायचे. सावनीनं तेच ताट उचलून ठेवलं की खण्णकन वाजायचं.

मी कुणाला काही बोललो नाही. बोलून काय सांगणार? म्हातारीच्या शेंगा वाजत नाहीत म्हणून?

एका सकाळी तानू चहाचा कप घेऊन माझ्यासमोर आली, तिचे ओठ हलले आणि काहीच आलं नाही. तिलाही ते कळलं. तिनं गळ्याला हात लावला, पुन्हा बोलली. पुन्हा काही नाही. कप तिनं नीट खाली ठेवला, एक थेंब सांडू दिला नाही, आणि मग ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जसं काही मी दुकानातून आणायला सांगितलेलं काहीतरी विसरून आलो होतो.

डॉक्टरांनी घशात बत्ती घालून बघितलं, फोटो काढला. म्हणाले, घसा चांगला आहे, वारं नाही, गाठ नाही. "मनाला काही लागलंय का?" असं मला विचारलं. मी तानूकडं बघितलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. ते मला एवढं ओळखीचं होतं, की मला रडूच आलं.

त्या संध्याकाळी सुमंत आला, पण वर येईना. खाली मोटरसायकलपाशीच उभा राहिला. मी जिना उतरून गेलो.

"काय रे?"

"काही नाही अप्पा."

"भोंग्यात काय ऐकू येतं आता?"

त्यानं किल्ली बोटावर फिरवली. "बांगड्या येत होत्या आधी. मी सांगितलं नाही." मग तोंड दुसरीकडं करून म्हणाला, "आज आई बोलत होती अप्पा. त्या बाईच्या मागं. 'दाणे खवट निघालेत' म्हणत होती."

४

सावनी आधी चिडली, मग घाबरली, मग दोन दिवस कॉम्प्युटरपुढून उठली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं आम्हाला मधल्या खोलीत बसवलं. सुमंत दाराला टेकून उभा राहिला.

"मला सापडत नाही ते," ती म्हणाली. "नाव असतं तर हाक मारून पुढं काढलं असतं. मी ते आतल्याच एका कामाच्या हाती दिलं, त्यानं पुढं दुसऱ्याला दिलं. आत कुठंतरी चालू आहे. आणि जोवर ते चालू आहे, तोवर त्यानं बरोबर नेलेलं ते सोडत नाही. धरून ठेवतं."

"मग सगळंच बंद कर," सुमंत म्हणाला.

"करता येतं. तारिहाळचं सगळं एकदम बंद करायचं. मग ते सोडेल."

"सोडेल म्हणजे परत देईल?" मी विचारलं.

तिनं कॉम्प्युटरचं झाकण मिटलं. ही पोरगी मला कधी खोटं सांगत नाही, म्हणून मला ते आवडलं नाही.

"आमच्यात परत देत नाहीत अप्पा. कुणी धरलेलं नसेल ते केर. झाडून टाकतात. पण ते आकड्यांचं झालं. माणसाचं... माणसाचं मला माहीत नाही."

मला कळलं ते. शिलाईत सापडलेला पदर उसवायला घेतला, तर कधी अलगद सुटून येतो. कधी दोरा निघतो आणि बरोबर कापडही फाटतं. हात कितीही हलका असो, आधी सांगता येत नाही.

"आणि बंद नाही केलं तर?"

"उद्या संध्याकाळी कंपनी हेच बेलूरच्या कारखान्यांत पाठवणार आहे. एकदा गेलं की ते किती ठिकाणी असेल ते मलाच कळणार नाही. त्याच्या आत काय ते ठरवायचं. उद्यानंतर माझ्या हातात काही नाही अप्पा."

आमच्या शिंप्यांत एक रीत आहे. अंगावरचा कपडा अंगावर असताना शिवू नये. बटण तुटलं, घाई आहे, शिवावंच लागलं, तर ज्याच्या अंगावर शिवायचं त्यानं तोंडात काडी धरायची. माझी आई म्हणायची, काडी नाही धरली तर कपड्याबरोबर माणूसही शिवलं जातं. आम्ही हसायचो, पण काडी धरायचो.

सावनी बोलत असताना तानू उठली. कोपऱ्यातल्या केरसुणीची एक काडी तिनं मोडली, पुसली, आणि सावनीच्या ओठांशी नेली. सावनीनं लहान मुलीसारखं तोंड उघडलं आणि काडी दातांत धरली. तिचे डोळे भरून आले होते. मग तानूनं दुसरी काडी मोडली आणि माझ्याकडं आली. मी मान हलवली. म्हटलं, "अगं, आता काय उपयोग? शिवून झालं."

ती काडी तिनं बराच वेळ माझ्यापुढं धरून ठेवली होती.

"तूच सांग," मी तिला म्हटलं. "तुझं आहे ते. उसवू की राहू दे?"

तानू बोलली. पुष्कळ बोलली. ओठ हलत होते, हातवारे चालू होते, मध्येच ती रागावली, मध्येच तिनं पदरानं डोळे पुसले. मला एकही शब्द समजला नाही. तिला लिहिता येत नाही. शेवटी ती थकली आणि तिनं माझ्या छातीवर बोट ठेवलं, जोरात, दोनदा.

तुम्हीच ठरवा असं म्हणते, असं मी धरलं.

५

मला आधी तिचा आवाज एकदा ऐकायचा होता. न ऐकता कसं ठरवणार? दुसऱ्या दिवशी जेवून मी बसनं तारिहाळला गेलो. सावनीशी ठरलं होतं, चहाच्या सुट्टीनंतर ती फोन करेल आणि मी सांगेन.

सुमंत आत शेडमध्ये होता. गेटवरच्या वॉचमनला, गुरुप्रसादला, त्यानं सांगून ठेवलं होतं. भला माणूस. त्यानं आपली खुर्ची भिंतीच्या सावलीत ओढून दिली. "बर्री अण्णा, कुतगोळ्री," म्हणाला, या, बसा. भोंगा शेडच्या पत्र्याखाली होता, पण दार उघडं असल्यामुळं गेटपर्यंत ऐकू येत होतं. यंत्रांची घरघर, लोखंड घासल्याचा वास, ऊन. भ्यावं असं तिथं काहीच नव्हतं.

मग भोंगा बोलला. कोणत्या तरी यंत्राचं तेल बदला, असं काहीतरी. गोड, कोरडा आवाज. आणि त्या आवाजाच्या मागं खोली होती.

दुसरा शब्द मला येत नाही. खोलीला आवाज असतो. बंद असली तरी असतो. आमच्या पंख्याची ती कुरकुर, मोरीतला नळ, खिडकीची सैल काच. आमची मधली खोली मी डोळे मिटूनही ओळखेन. ती त्या पत्र्याखाली होती. मशीन चालू होतं. टक्, आणि पुन्हा टक्. बांगड्या वाजल्या. शेंग फुटली. बाई बोलायची थांबली आणि सगळं तोडल्यासारखं गेलं.

"भोंगा बरा आहे ना?" गुरुप्रसादनं विचारलं.

"तुम्हाला त्यात मागं काही ऐकू येतं?"

"मागं? यंत्रं येतात की अण्णा. कारखाना आहे." तो हसला.

मनात म्हटलं, त्याला ऐकू येत नाही, म्हणजे हे माझ्या मनाचं असेल. पण सुमंतला येतं. बापलेकांना एकच वेड लागतं काय? लागतही असेल. मी उठून शेडच्या दाराजवळ गेलो. पुढच्या खेपेला बाई बोलायला लागली तसा मी हळूच म्हणालो, "तानू."

लग्न झाल्यापासून चारचौघांत तिला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

मशीन थांबलं.

त्या खोलीत तानूचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "अहो, बाहेर कुणीतरी हाक मारतंय बघा."

आणि एक माणूस म्हणाला, सावकाश, कशाचीच घाई नसल्यासारखा, "असेल कुणी. दार उघडू नकोस."

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची सवय नसते. मनात म्हटलं, हा कोण परका माझ्या घरात बसलाय? मग तानू हसली. नाकातून, हळू, ती फक्त एकाच माणसाच्या बोलण्यावर तशी हसते. तेव्हा मला कळलं. मशीन तिथं इतके दिवस चालतंय, ते कुणाच्या पायानं चालतंय, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

६

फोन वाजला तेव्हा मी पुन्हा खुर्चीवर होतो. कसा आलो ते आठवत नाही.

"अप्पा," सावनी म्हणाली, "ऐकलंत? सांगा. बंद करू की राहू देऊ? पाठवायची वेळ झालीय."

माझं ठरलं होतं. फाटलं तर फाटलं. उसव. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, बंद कर. जीभ हलली, श्वास बाहेर गेला. आवाज नव्हता. मी पुन्हा म्हणालो. बंद कर, सावनी, बंद कर. गळ्याच्या शिरा ताणल्या. गुरुप्रसाद वाकून बघू लागला. "एनायतु री अण्णा? काय होतंय?"

फोनमध्ये सावनी काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हं... हं. कळलं अप्पा."

मी बोललोच नव्हतो.

"नाही, नाही रागावत मी. तुमचं बरोबर आहे. नाही करत बंद. तुम्ही रडू नका." आणि तिनं फोन ठेवला.

मी उठलो तो खुर्चीसकट पडलो. गुरुप्रसादनं आरडाओरडा केला, सुमंत धावत आला. त्याला वाटलं, मला झटका आला. मी त्याच्या हाताला धरून फोनकडं बोट दाखवत होतो, तो म्हणत होता, "हो अप्पा, केलाय तिला फोन, शांत पडा." त्यांनी मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथं गर्दी. बाकावर बसवलं, मग आडवं केलं, मग छातीला तारा लावल्या. मी हाताला येईल त्याला धरत होतो. सिस्टरनं माझा हात चादरीखाली सारला आणि म्हणाली, "अज्जा, सुम्म मलक्कोरी," आजोबा, गुमान पडून राहा. खिडकीबाहेरचं ऊन पिवळं झालं, मग गेलं.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. मी कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि मधल्या खोलीच्या फरशीवर लिहिलं. अक्षरं मी गिऱ्हाइकांच्या नावांवरून शिकलोय, चुकतात, पण लागतात. लिहिलं, मी नाही बोललो.

सावनीनं वाचलं. तिचा चेहरा खडूसारखाच झाला.

"पण अप्पा, मी तुमचा आवाज ओळखत नाही का? तुम्हीच म्हणालात, 'राहू दे बाई. आम्ही दोघं इथं बरे आहोत.'" ती खुर्चीवर बसली. "'इथं' म्हणालात. मी विचारायला हवं होतं, इथं म्हणजे कुठं."

बेलूरचं पाठवून झालं होतं.

तानू भिंतीशी बसली होती. ती उठली नाही. तिनं फरशीवरची अक्षरं बघितली, वाचता येत नसूनही बघितली, आणि मग माझ्याकडं बघून मान हलवली. तेव्हा मला त्या दोनदा टेकवलेल्या बोटाचा अर्थ लागला. ती म्हणत होती, तिथं तुम्हीही आहात.

७

आता आम्ही दोघं मधल्या खोलीत बसतो. मी मशीनवर, ती भिंतीशी. सवयीनं बोलतोही. ती काहीतरी सांगते, मी काहीतरी उत्तर देतो, दोघांचे ओठ हलतात. ओठांवरून थोडं थोडं समजायला लागलंय. भूक लागली, पाणी, पडदा ओढ. बाकीचं समजत नाही. या वयात बाकीचंच जास्त असतं.

बोलून सांगता येत नाही म्हणून हे लिहिलं. सावनी रोज शोधते. अजून सापडलं नाही. बेलूरहून ते आणखी पुढं गेलंय म्हणते.

सुमंत पाळीवरून आला की मी त्याच्या तोंडाकडं बघतो. आधी तो सांगायचा. आज तुम्ही दोघं लग्नाच्या वेळचं बोलत होतात. आज आई गाणं म्हणत होती. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू. त्यांच्याकडं सगळं होतं, बांगड्या, मशीन, भांडणंसुद्धा. आमच्याकडं नुसती हाडं आणि कातडी राहिलीत, आणि ती झिजणार आहेत. ते दोघं म्हातारे व्हायचे नाहीत. पुढं पुढं सुमंत सांगेनासा झाला. खुणेनं विचारलं की म्हणायचा, आज यंत्रांचाच गोंधळ फार होता.

काल संध्याकाळी तो आला आणि बूट न काढता दारातच उभा राहिला.

"अप्पा," तो हळू म्हणाला, स्वयंपाकघराकडं बघत, "आज त्यांनी दार उघडलं. तुम्ही दोघं सावनीला हाक मारत होतात. 'आत ये गं, जेवायला ये,' म्हणून. किती वेळ मारत होतात." मग म्हणाला, "ती 'आले' म्हणाली."

मी वळून बघितलं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. सावनी पाठमोरी ओट्याशी उभी होती. कढईत तेल तापून धूर निघत होता. तिनं मूठभर मोहरी टाकली. दाणे उडाले, कढईबाहेर ओट्यावर पडले, तिच्या हातावरही पडले असतील, कारण तिनं हात झटकन मागं घेतला.

घरात काही वाजलं नाही.

तिनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले, आणि आमच्याकडं वळून, नेहमीसारखी हसून, काहीतरी विचारलं.